नणंद अस्सल, आई उसनी

परके शब्द भाषेत शिरतात ते बाजारातून, कचेरीतून, फार तर स्वयंपाकघरातून. बटाटा, साबण, टेबल हे असेच आपल्याकडे आले आणि आपलेच झाले. पण 'आई' हा शब्द कुणी शेजाऱ्याकडून उसना घेईल का? फिनलंडच्या लोकांनी घेतला! फिनिश भाषेत आईला 'ॲइती' म्हणतात आणि हा शब्द मूळचा फिनिश नाही. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश ज्या जर्मानिक शाखेतल्या, त्या शाखेतून तो आला. चौथ्या शतकात बायबलचं गॉथिक या त्याच शाखेतल्या भाषेत भाषांतर झालं होतं. त्यात आईसाठी याच शब्दाचा भाऊबंद सापडतो.

फिनिश बोलणारे पन्नास-पंचावन्न लाख. युरोपातल्या बहुतेक भाषा आपल्या मराठीसारख्याच भारोपीय कुळातल्या, पण फिनिश तशी नाही. ती उराली कुळातली. एस्टोनियन, हंगेरियन आणि उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषा ही तिची सख्खी-चुलत भावंडं. म्हणजे फिनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला ओळखीचं काही भेटण्याचं कारण नाही. नात्यांच्या शब्दांपाशी मात्र गंमत होते.

'इसॅ' म्हणजे बाप, 'वेली' म्हणजे भाऊ, 'पोइका' म्हणजे मुलगा. हे तिन्ही अस्सल उराली. आता घरातल्या बायकांकडे वळा. आई जर्मानिक, हे वर आलंच. बहीण 'सिसार' आणि लेक 'त्युतॅर' या दोघी बाल्टिक भाषांतून आलेल्या. (फिनिशमधल्या काही स्वरांना देवनागरीत नेमकं अक्षर नाही, तेव्हा हे उच्चार जवळपासचे समजावेत.) बाल्टिक म्हणजे आजच्या लिथुआनियन आणि लाटव्हियन ज्या शाखेत मोडतात ती शाखा, आणि ती शाखा आपल्याच भारोपीय कुळाची. लिथुआनियनमध्ये आजही लेकीला 'दुक्ते' म्हणतात. संस्कृतातली 'दुहितृ' आठवली ना? 'त्युतॅर' तिचीच दूरची नातलग. गोव्यात कोकणी माणूस लेकीला 'धूव' म्हणतो, तोही याच 'दुहितृ'चा झिजत आलेला अवतार. पणजीतली धूव आणि हेलसिंकीतली त्युतॅर, दोघींचं मूळ एक.

'सिसार'चं तर आणखी मजेशीर. तिची संस्कृत नातलग 'स्वसृ', म्हणजे बहीण. मराठीत बहिणीसाठी आपण दुसरा शब्द धरला, पण 'स्वसृ' घरातून गेली नाही. आईची बहीण ती 'मातृष्वसृ', आणि प्राकृतातून घासत घासत तिची झाली 'मावशी'. मावशीतल्या त्या 'शी'त फिनिश सिसारची नातलग अजून बसलेली आहे.

मग फिनिशची स्वतःची आई गेली कुठे? ती आहे, पण तिची जागा बदलली. जुना शब्द 'एमॅ'. शेजारच्या एस्टोनियन भाषेत 'एमा' म्हणजे आजही आईच. फिनिशमध्ये मात्र अस्वलाच्या पिलाची, पाखराच्या पिलाची आई ती 'एमो'. घरची मालकीण 'एमॅन्तॅ'. रसायनशास्त्रात आम्लाच्या उलट गुणाचा जो पदार्थ, तो 'एमॅस'. माणसाची आई तेवढी ॲइती.

हे घडलं कसं? एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बाल्टिक लोकांकडून फिनिशने केवळ बहीण-लेक घेतलेली नाही. दात आणि मान हे शब्दही तिकडूनच आलेत. फिनिशमध्ये दात म्हणजे 'हाम्मास', आणि संस्कृतातला 'जम्भ' त्याच्याच नात्यातला. धान्य-कापडाचा सौदा करताना कुणी दात-मान उसनी घेत नाही. असे शब्द बदलतात ते बहुधा एका छपराखाली दोन भाषा नांदू लागल्या की. बायका एका भाषेच्या, पुरुष दुसऱ्या भाषेचे, आणि पोरं दोन्ही ऐकत वाढलेली. हे फार जुनं, ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचं. त्या काळच्या लग्नांची नोंद कुठल्या वहीत नाही. ती या शब्दांत आहे.

खरं आश्चर्य याच्याही पुढे आहे. आई, बहीण, लेक उसन्या, तर अस्सल आणि प्राचीन स्त्रिया कोण? सासरच्या! सून म्हणजे 'मिनिॲ', नणंद म्हणजे 'नातो', भावजय किंवा मेहुणी म्हणजे 'कॅल्यु'. हे शब्द थेट मूळ उराली भाषेतून आलेले, काही हजार वर्षांचे. जावई म्हणजे 'वॅव्यु', तोही तितकाच जुना. हंगेरियन आणि फिनिश एकमेकींपासून इतक्या लांब गेल्यात की बुडापेस्टच्या माणसाला हेलसिंकीत एक वाक्य कळणार नाही. तरी हंगेरियनमध्ये सुनेला 'मेन्य' म्हणतात आणि ती मिनिॲच आहे. जावईही दोघींचा एकाच मुळातला.

'नातो' वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. नणंद आणि नातो, दोन्हीकडे 'न'! पण इथे फसायचं नाही. आपली नणंद संस्कृत 'ननान्दृ'पासून आलेली, त्यांची नातो उराली. साम्य निव्वळ योगायोगाचं. दुहितृ-त्युतॅर दिसायला तितक्या सारख्या नाहीत, पण नातं खरं आहे. नणंद-नातो दिसायला सारख्या, पण नातं काही नाही. शब्दांचं गोत्र नुसत्या तोंडवळ्यावरून ठरत नाही.

सासरची माणसं त्या समाजात किती महत्त्वाची होती, ते 'कालेवाला'त दिसतं. एलियास ल्योन्रोट या वैद्याने फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलियाच्या खेड्यापाड्यांतून लोकगीतं गोळा करून हे महाकाव्य रचलं. पहिली आवृत्ती 1835ची, आणि वाढवलेली, आज सगळे वाचतात ती 1849ची. तिच्यात लग्नाची गाणी पानंच्या पानं आहेत आणि नव्या नवरीला सासरी कसं वागावं याचा लांबलचक उपदेश आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आता मात्र नातो बोलण्यातून जवळजवळ गेली. नवऱ्याच्या भावाला, म्हणजे दिराला, 'क्युत्यु' हा वेगळा शब्द होता, तोही मागे पडला. आजचा फिन माणूस दीर, मेहुणा, साडू या सगळ्यांना 'लान्को' म्हणून मोकळा होतो आणि नणंद, भावजय, मेहुणी या सगळ्यांना 'कॅल्यु'. त्यात 4 एप्रिल 2023 रोजी फिनलंड नाटो या लष्करी संघटनेचा सदस्य झाला. फिनिश वर्तमानपत्रं तिचं नाव लिहितात ती अक्षरं हुबेहूब नणंदेचीच. जुनी माणसं यावर विनोद करणार नाहीत तर काय!

काका-मामांच्या बाबतीत आपण आणि ते एका पंगतीत बसतो. बापाचा भाऊ 'सेतॅ', आईचा भाऊ 'एनो'. इंग्रजीतला एकच 'अंकल' त्यांनाही पुरत नाही. पण आत्या आणि मावशी या दोघी मिळून एकच 'तॅती'. परक्या मोठ्या माणसालाही लहान मुलं सेतॅ आणि तॅतीच म्हणतात, जसे आपण काका-मावशी म्हणतो. सामी लोक याहून बारीक चाळणी लावतात. उत्तर सामी भाषेत बापाच्या थोरल्या आणि धाकट्या भावाला वेगवेगळे शब्द आहेत. आईच्या थोरल्या आणि धाकट्या बहिणीलाही वेगवेगळे, आणि आत्याला आणखी निराळा.

हा काका-मामा भेद पाळताना फिनलंडमध्ये एक घोटाळा होऊन बसला आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'डकटेल्स' पाहिलेल्यांना कंजूष करोडपती अंकल स्क्रूज आठवत असेल. डोनाल्ड डकच्या गोष्टी फिनलंडमध्ये घरोघरी वाचल्या जातात आणि तिथे स्क्रूजचं नाव आहे 'रोपे-सेतॅ'. पण चित्रकथांतल्या वंशावळीप्रमाणे स्क्रूज हा डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे एनो! इंग्रजीतल्या एका 'अंकल'पायी फिनलंडमध्ये मामाचा काका झाला आणि तसाच राहिला.

आणखी काही शब्द चाखून पाहा. आपण भाऊ-बहिणींना मिळून 'भावंडं' म्हणतो, म्हणजे नाव भावाचं. फिनिशमध्ये तोच घोळका 'सिसारुक्सेत', म्हणजे नाव बहिणीचं, मग त्यात भाऊ कितीही असोत. नवरा किंवा बायको यांना 'पुओलिसो' म्हणतात. 'पुओली' म्हणजे अर्धा, तेव्हा पुओलिसो हे आपलं अर्धांग. फरक इतकाच की तिथे नवराही अर्धांग असतो. 'सुकू' म्हणजे कूळ, 'पोल्वी' म्हणजे गुडघा, आणि 'सुकुपोल्वी' म्हणजे पिढी. लग्नाला 'आविओलीत्तो' म्हणतात आणि लग्न न करता एकत्र राहण्याला 'आवोलीत्तो'. फरक एका 'इ'चा. 'आवो' म्हणजे उघडं, मोकळं. तो आणि ती यांना मात्र एकच सर्वनाम, 'हॅन'. त्यामुळे बोलणं लेकाबद्दल चाललंय की लेकीबद्दल, ते नात्याचा शब्द आल्यावरच कळतं.

नोकरीनिमित्त हेलसिंकी-एस्पोकडे निघालेल्यांनी या शब्दांना घाबरू नये. सहा शब्द पाठ करावेत: ॲइती, इसॅ, वेली, पोइका, त्युतॅर आणि बहिणीसाठी रोजच्या बोलण्यातला 'सिस्को'. मग षष्ठीचा 'न' शिकावा, म्हणजे आपला 'चा-ची-चे'. तो लागताना काही शब्दांचं अंग बदलतं. वेलीचं 'वेल्येन' होतं, ॲइतीचं 'ॲइदिन'. भाऊचं 'भावाचा' करणाऱ्याला हे नवं नाही. पुढे सगळं जोडकाम आहे. 'ॲइदिन सिस्को' म्हणजे मावशी, 'इसॅन सिस्को' म्हणजे आत्या, आणि 'वाइमो' म्हणजे बायको हा एक जास्तीचा शब्द घेतला, तर 'वेल्येन वाइमो' म्हणजे भावाची बायको, वहिनी. भावाची मुलगी पुरुषाची पुतणी आणि बाईची भाची असते, ही मराठीतली कसरत तिथे नाही. बोलणारा कुणीही असो, ती 'वेल्येन त्युतॅर'. सहा शब्द आणि एक 'न', एवढ्या शिदोरीवर माहेरच्या गोतावळ्यातलं जवळजवळ कुणीही फिनिशमध्ये सांगता येतं.