तोंड फिरवणाऱ्या गाड्या

हावड्याहून चेन्नईकडे जाणाऱ्या अनेक गाड्या विशाखापट्टणम स्थानकात शिरतात आणि तेथून उलट तोंडाने बाहेर पडतात. पुढचे इंजिन सुटते, मागच्या टोकाला दुसरे जोडले जाते, ब्रेकची तपासणी होते. एवढ्यात पंधरा-वीस मिनिटे सरतात. नवखा प्रवासी मात्र गाडी परत हावड्यालाच निघाली की काय, म्हणून बावरतो.

भूगोलाइतकाच या उलाढालीला इतिहासही कारणीभूत आहे. बेझवाडा ते कटक हा पूर्व किनाऱ्याचा लोहमार्ग 1893 ते 1896 या काळात सरकारने बांधला आणि पुढे दोघांत वाटला. वॉल्टेअरच्या दक्षिणेचा भाग 1901 मध्ये मद्रास रेल्वेकडे, तर उत्तरेचा 1902 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. वॉल्टेअर म्हणजेच आजचे विशाखापट्टणम. दोन कंपन्यांच्या सीमेवरील स्थानकात इंजिन बदलणे तेव्हा कुणालाच खटकण्याजोगे नव्हते. (आपल्या बोरघाटात 1863 पासून 1929 पर्यंत गाड्या तोंड फिरवत, तेथे कारण निव्वळ चढाचे होते.)

आज खटकते ते वेळापत्रकाला. म्हणून काही गाड्या शहरात न शिरता परस्पर दुव्वाड्यावरून काढल्या जातात. लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचतो. विशाखापट्टणमच्या प्रवाशाला मात्र सामानसुमानासह शहराबाहेरचे ते स्थानक गाठावे लागते, तेही कधी अपरात्री. वाचलेली मिनिटे रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या हिशेबात जमा होतात. रिक्षाचे भाडे आणि वृद्धांची दमछाक कोणत्याच खात्यावर पडत नाही. प्रशासनात आयुष्य घालवल्यावर मला हे नवल वाटत नाही. जे मोजले जाते तेच फायलीत येते.

वास्तविक तिसरी वाट उपलब्ध आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतला दोन्ही टोकांना चालककक्ष आहेत, तर 2023 अखेरीस आलेल्या अमृत भारतला दोन्ही टोकांना इंजिने. इंजिन सोडण्या-जोडण्याचा खटाटोपच तेथे उरत नाही. असे डबे या मार्गावर वाढवले, तर शहर टाळण्याचे मुख्य कारण ढिले पडते. मग प्रश्न राहतो फलाटांच्या टंचाईचा आणि थोड्या वाढीव अंतराचा. तो खरा आहे. पण त्यासाठी फलाट बांधता येतात.