घाम आणि कापड
निगडीच्या दुर्गा टेकडीवर पावसाळी सकाळी चढून आलात, की सुती टी-शर्ट पाठीला चिकटतो. कापसाचा तंतू पाणी पोटात घेतो. एरवीही तो वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. त्याच्या जाळीदार विणीवर घाम पसरतो आणि लवकर उडतो. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणून धावायला, चढायला पॉलिएस्टरच बरं. योगासनांना मऊ सुतीच घाला. कबड्डीत पकडीची ओढ शिवणीवर येते, ती पक्की बघून घ्या. आणि चाकणच्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर थेट व्यायामशाळेत जाणाऱ्यांनो, कामाचा जाड गणवेश आधी बदला. ओल्या कापडाने जांघ सोलवटते, नायटाही तिथेच धरतो.