फलन आणि आकड्यांचे जाळे

भारतीय हवामान विभागाच्या पुणे येथील कार्यालयाकडून देशाच्या दैनंदिन पर्जन्यमानाची जाळीबद्ध आकडेवारी मिळते. तीत अक्षांश-रेखांशांच्या पाव-पाव अंशावर बिंदू कल्पिलेले आहेत : दक्षिणोत्तर १२९ आणि पूर्वपश्चिम १३५, म्हणजे एकूण १७,४१५. तीनशे पासष्ट दिवसांच्या एका वर्षाचे आकडे ६३,५६,४७५ भरतात. आणि ही आकडेवारी १९०१ सालापासूनची आहे.

एवढ्या आकड्यांवर कोणतीही क्रिया हाताने करणे अशक्यच होय. म्हणून संशोधक एक लहानसे फलन लिहितो. काही आकडे घेऊन त्यांपासून नवे आकडे देणारा नियम, तेच फलन. ते सर्व आकड्यांवरून फिरविण्याचे काम तो संगणकाच्या तयार आज्ञावली-संग्रहावर सोपवितो. या फिरविण्यास ‘मॅपिंग’ म्हणतात. कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या संगणकभाषेवरील १९६० सालच्या निबंधात यादीतील घटकांवर फलन फिरविण्याची रीत दिली होती. मात्र शास्त्रीय आकडेवारीत ही साधी कल्पना दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण खुणांची. वरील आकडेवारीत जेथे नोंद नाही तेथे उणे ९९९ हा सांकेतिक आकडा असतो. मिलिमीटरांचे सेंटिमीटर करण्यासाठी प्रत्येक आकड्यास दहाने भागणारे फलन सरसकट फिरविले, तर तेथे उणे ९९.९ उरते, आणि ‘नोंद नाही’ ही खूण कोणालाच ओळखू येत नाही. आकड्यांसोबतच्या माहितीपट्टीवर एककही लिहिलेले असते. पट्टी जशीच्या तशी ठेवली, तर सेंटिमीटरांवर ‘मिलिमीटर’ अशी चिठ्ठी राहते. काढून टाकली, तर आकडे अनामिक होतात.

दुसरी अडचण तुकड्यांची. आकडेवारी स्मृतीत मावत नाही, तेव्हा तिचे खंड पाडून प्रत्येकावर फलन वेगळे चालवावे लागते. समजा, पाच दिवसांचा पाऊस १०, २०, ३०, ० व ० मिलिमीटर आहे. त्याची सरासरी १२. आता पहिले तीन दिवस एका खंडात व उरलेले दोन दुसऱ्यात घातले, तर खंडांच्या सरासऱ्या २० व ० येतात आणि त्यांची सरासरी १० होते. उत्तर चुकले, परंतु यंत्राने कोठेही हरकत घेतली नाही! भागाकार प्रत्येक आकड्यावर स्वतंत्रपणे होतो, म्हणून त्याला खंडांची बाधा नाही. सरासरीला मात्र काळाचा अक्ष अखंड हवा असतो.

मग संग्रहाची रचना करणाऱ्याने काय करावे? संशोधकाच्या फलनाच्या पोटात काय आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून फलनाचा करार मागून घेणे हाच मार्ग उरतो : फलन कोणता अक्ष संपूर्ण घेते, परत काय देते, आणि माहितीपट्टीचे काय करावयाचे. पायथन भाषेतील ‘एक्सअ‍ॅरे’ या संग्रहाने हीच वाट धरली आहे. तेथील ‘अप्लाय-यूफंक’ या सोयीत अक्ष क्रमांकाने नव्हे, तर ‘काळ’, ‘अक्षांश’ अशा नावांनी सांगावे लागतात. पट्टी ठेवावी की नाही, हेही सांगता येते. फलन खंडाखंडाने समांतर चालवावयाचे असून अखंड हवा असलेला अक्ष तुकड्यांत विभागलेला आढळला, तर वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज ही सोय काम नाकारते व कारण सांगते.

हा नकार नवशिक्यास जाचक वाटतो. परंतु पावसाच्या आकड्यांवर धरणांचे आणि पिकांचे हिशेब उभे असतात. थांबलेले यंत्र दुरुस्त करता येते. निमूटपणे दिलेल्या चुकीच्या उत्तरावर मात्र लोक विश्वास ठेवून बसतात. म्हणून चांगल्या साधनाने वेग देण्यापूर्वी योग्य तो प्रश्न विचारावा, हेच इष्ट होय.