सॅकरिन: शब्द गोडाचा, पण कौतुकाचा नाही

मावळातल्या भाजे गावातून मी बोलतेय. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

आजचा शब्द आहे ‘सॅकरिन’. काही जण शेवटी ‘रीन’ म्हणतात, काही ‘राइन’. तिन्ही चालतं. डिक्शनरीत अर्थ दिसेल ‘साखरेसारखं, अति गोड’. अर्थ बरोबर आहे, पण तिथेच थांबलात तर फसाल. कारण आजच्या इंग्रजीत हा शब्द खाण्यापेक्षा जास्त हसण्याबद्दल, बोलण्याबद्दल, गाण्याबद्दल, सिनेमाच्या शेवटाबद्दल येतो. आणि येतो तेव्हा ती तक्रार असते! ‘सॅकरिन स्माइल’ म्हणजे गोड हसू नव्हे. ओढूनताणून आणलेलं, खोटं वाटणारं हसू.

याचा एक भाऊ आहे, ‘क्लॉइंग’. दोघांत गल्लत होते. लोणावळ्याचा चॉकलेट फज घ्या. पहिला तुकडा मस्त, दुसराही चालतो. चौथ्याला तोंडाला मिठी बसते आणि आपण पाणी शोधतो. ही क्लॉइंग गोडी. बंद गाडीत कुणी भरमसाट सेंट मारून बसलं, तर तो वासही क्लॉइंग. या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या ‘खिळा ठोकणे’ या क्रियापदात आहे. त्यावरून आला तुंबवण्याचा अर्थ, आणि मग खाऊन खाऊन नकोसं होण्याचा. आपण म्हणतो ना, ‘गोडाचा वीट आला’, अगदी तेच. चिक्कीचा एवढ्या लवकर वीट येत नाही, कारण तिथे गुळाच्या गोडीला भाजलेल्या शेंगदाण्याची खमंग साथ असते.

थोडक्यात, क्लॉइंग म्हणजे गोड जास्त झालं. सॅकरिन म्हणजे गोड खरं वाटत नाही.

आता गंमत ऐका. हा परका वाटणारा शब्द मुळात आपल्याकडचाच आहे. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे आधी खडे, रेती. मग तशाच दिसणाऱ्या साखरेलाही तेच नाव पडलं. पालीत झालं ‘सक्खरा’. तिथून ग्रीक, लॅटिन असा प्रवास करत शब्द इंग्रजीत पोचला. इकडे प्राकृतातून मराठीत आली ‘साखर’. आमच्या भाजे लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत, तेही प्राकृतातच. म्हणजे साखर आणि सॅकरिन एकाच घरातले. एक गावात राहिला, दुसरा परदेशी गेला!

सतराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ साधा होता, ‘साखरेचं’. टोमण्याचा अर्थ नंतर चिकटला. 1879 मध्ये अमेरिकेत कॉन्स्टँटिन फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला साखरेपेक्षा शेकडो पट गोड पदार्थ सापडला. त्यालाही सॅकरिन नाव मिळालं, फक्त स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ नाही. तो जास्त पडला की मागे कडवट चव राहते. शब्दाचा अर्थ लक्षात ठेवायला ही कडवट चव पुरेशी आहे.

हे सगळं आज का सांगतेय? गावातल्या एका पोराने होमस्टे सुरू केला. इंग्रजीत माहिती लिहिली: तुम्ही आमचे देव, आमचं घर म्हणजे स्वर्ग, इथली प्रत्येक सकाळ म्हणजे जादू. एका पाहुण्याने रिव्ह्यूत लिहिलं, ‘डिस्क्रिप्शन जरा सॅकरिन आहे.’ पोराने खुशीत तो स्क्रीनशॉट स्टेटसला टाकला. अर्थ कळल्यावर तो बसला आणि माहिती नव्याने लिहिली: मळवली स्टेशनवरून चालत साधारण अर्धा तास, पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, जेवायला पिठलं-भाकरी, समोर विसापूर किल्ला. बघा, ‘स्वर्ग’ गेला आणि घर दिसायला लागलं.

ही गोडी ओळखता येणं फक्त इंग्रजीसाठी उपयोगाचं नाही. आमच्या भागात जमिनीला भाव आहे. प्लॉटसाठी येणारा एखादा एजंट आजीला ‘आई’ म्हणतो, पाया पडतो, पेढे देतो. आपल्या भाषेत याला साखरपेरणी म्हणतात. गोड बोलणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असं मुळीच नाही. पण सही करण्याआधी एक करायचं: बोलण्यातली साखर बाजूला काढायची आणि खाली काय उरतं ते बघायचं. किती गुंठे, काय दर, पैसे कधी, कागद कुठे? उत्तरं मिळाली तर ठीक. परत ‘आई, तुम्ही काळजीच करू नका’ आलं, तर समजा, हे सॅकरिन.

तुमच्या सीव्हीलाही हीच चाळणी लावा. ‘आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट’ काढून टाका आणि बघा, केलेलं काम खाली उरतं का.

या आठवड्यात तुम्हाला दिसलेलं एक सॅकरिन वाक्य आणि एक क्लॉइंग गोष्ट व्हॉइस नोटवर पाठवा. मिसळीवर जिलबी खाणाऱ्यांनी तर नक्कीच! भेटू पुढच्या भागात.