सुधाकराची शपथ

'एकच प्याला' शिकवायला घेतले की वर्गात दरवर्षी तेच घडते. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला मुले पोट धरून हसतात आणि सिंधू जात्यावर बसली की तीच मुले वहीत मान घालतात. गडकरी १९१९ साली गेले. हे नाटक रंगभूमीवर आलेले त्यांना पाहायला मिळाले नाही. बालगंधर्वांच्या सिंधूने आणि गणपतराव बोडसांच्या सुधाकराने पुढे सारा महाराष्ट्र रडवला.

मागच्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी रेंगाळली. म्हणाली, "सर, सुधाकर दारू सोडायची म्हणतो, तेव्हा त्याला डॉक्टरकडे का नेत नाहीत?"

नाटकात डॉक्टर येतो तो तळीरामाच्या आजारपणात, वैद्याशी भांडून प्रेक्षकांना हसवायला! मी मास्तरी थाटात शोकांतिकेविषयी काही सांगू लागलो. तिचे लक्ष नव्हते. मग खाली पाहत ती म्हणाली, "गणपतीत आईने बाबांना माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या. शेजारी आईने सांगितलं, मलेरिया झालाय."

मला खुर्चीवर बसावे लागले. पंधरा-वीस वर्षे मी सुधाकराच्या दुबळ्या मनावर व्याख्याने देत होतो. त्याच्या शरीराचा विचार मला कधी शिवला नव्हता.

नंतर एका डॉक्टर स्नेह्याने समजावून दिले, ते प्रत्येक घरात माहीत हवे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच आपला तोल सांभाळतो. ती एकाएकी तोडली की काही तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, ताप चढतो, नसलेले किडे दिसतात. आणि उपचार न मिळाले तर त्यात माणूस दगावतोही. तेव्हा अशा माणसाला खोलीत कोंडून शपथ पाळायला लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. पहिले काही दिवस औषधे देऊन, ब-१ जीवनसत्त्व देऊन ते पार पाडावे लागतात. मनाचे काम त्यानंतरचे, आणि ते फार लांबचे.

आपण पांढरपेशे लोक मात्र आधी खिडक्या लावून घेतो. कचेरीत रजेचा अर्ज बायको लिहिते, उसनवारी मेहुणा फेडतो, आणि लग्नकार्यात "ह्यांना बरं नाही" असे म्हणायला मुलेही शिकतात. ही सारी माया खरी. पण तिच्या आडोशाला बाटली सुखाने नांदते.

पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले ते गर्दच्या विळख्यातल्या मुलांसाठी. पुढे दारूचे रुग्णही तिथे येऊ लागले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत निघाली; तिच्या बैठका आपल्या शहरांतही भरतात, फी नाही की आडनाव विचारणे नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका वेगळ्या असतात.

हे सारे एका कागदावर लिहून मी त्या मुलीला दिले. तिने दोनदा वाचले. "बाबा इतक्यात यायचे नाहीत," ती म्हणाली, "आई एकटी गेली तर चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. "तू बरोबर जा."