लक्षणांवरून ओळख : मानवेल

एखाद्या वस्तूचे वर्णन करताना तिची सर्व वैशिष्ट्ये नोंदवणे आवश्यक नसते. तिला इतरांपासून वेगळी करणारी लक्षणे मात्र सांगावीच लागतात. ‘मानवेल’ या वनस्पतीच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

नावात ‘वेल’ असली तरी ही वेल नव्हे. उंचीमुळे ती वृक्ष वाटेल, पण वृक्षही नव्हे. मानवेल हा आपल्या पानझडी वनांत वाढणारा बांबू, म्हणजेच बहुवर्षायू गवत आहे. पेरे व कांडी असलेले खोड आणि पानांतील समांतर शिरा ही त्याची गवताची लक्षणे. वृक्षाचा बुंधा वर्षागणिक जाड होतो. बांबूचा कोंब मात्र पूर्ण जाडी घेऊनच जमिनीबाहेर येतो.

यानंतर जवळच्या जातींपासून वेगळेपण सांगावे लागते. कटांग बांबूच्या पेरांवर वाकडे, तीक्ष्ण काटे असतात आणि त्याचे खोड पोकळ असते. मानवेलाला तसे काटे नसतात. त्याचे खोड बहुधा भरीव किंवा जाड भिंतीचे असते. तथापि, ओलसर जागी वाढलेल्या मानवेलातही पोकळी आढळते. म्हणून एकाच लक्षणावर विसंबू नये. फुलोरा तर अनेक वर्षांच्या अंतराने येतो व त्यानंतर ते बेट वाळते. म्हणून एरवी खोड, पेरे आणि कोंबावरील आवरण यांवरूनच ओळख पटवावी लागते.

अशा व्याख्येचे परिणाम व्यवहारातही होतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश होता. त्यामुळे शेतातील बांबूची तोड व वाहतूकही परवान्यांत अडकत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले, आणि २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने ‘वृक्ष’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला.

शास्त्रीय व्याख्या वस्तू काय आहे हे सांगते. कायद्याची व्याख्या तिला काय मानावे हे ठरवते. व्याख्या वाचताना तिचा हेतू कोणता, हे प्रथम पाहावे.

सरावासाठी : आपल्या परिसरातील कोणत्याही दोन गवतांतील भेद तीन लक्षणांच्या आधारे स्पष्ट करा.