सौर प्रकल्पाला जागा देण्याआधी

गिरड भागात रात्रीचं ओलीत म्हणजे जिवाला घोर. जंगल जवळ, वाघाची धास्ती. दिवसा वीज हवीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (२०२३) त्यासाठीच आहे. खाजगी जमीन भाड्यानं दिल्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, दरसाल ३ टक्के वाढ. सौदा वाईट नाही.

पण गायरान दिलं तर ढोरं कुठं चारणार? हे ग्रामसभेतच विचारा, गोंड बांधवांना बोलावून. वनजमिनीवर त्यांचा दावा असेल, तर वनहक्क कायदा २००६ प्रमाणे पडताळणी होईस्तोवर त्यांना उठवता येत नाही. बॅटरी बसणार असेल, तर साठवलेली वीज रात्री कोणाला, तेही ठरावात लिहून घ्या. तोंडी कबुलीवर अंगठा देऊ नका.